आधी प्रश्न दाखवा, मग टक्के सांगा

निवडणूक जवळ आली की मुंबईत दोन गोष्टींना ऊत येतो, चौकातले बॅनर आणि अनोळखी नंबरवरून येणारे फोन. बॅनरकडे बघितलं नाही की झालं, फोनचं तसं नसतं. तो नेमका तुम्ही दादर स्टेशनच्या जिन्यात असताना नाहीतर कुकरची तिसरी शिट्टी मोजत असताना येतो, आणि पलीकडून सुरू होतं, "नमस्कार, आम्ही एक छोटासा सर्व्हे करतोय, फक्त दोन मिनिटं." आता बहुतेक लोक इथेच फोन कट करतात, काही जण शिवी घालून करतात, आणि जे लाइनवर थांबतात त्यातले बरेच मनाला येईल ते उत्तर ठोकून देतात. मग निकालाच्या दिवशी आकडे आपटले की टीव्हीवरचे कोटवाले तज्ज्ञ म्हणतात, मतदार सायलेंट होता, मतदार मनातलं बोलत नाही, मतदाराने फसवलं.

मला हे वाक्य फार खटकतं. मतदाराने फसवलं म्हणे! अरे, आधी फसवलं कोणी?

लोकांचा या फोनवाल्या सर्व्हेंवर विश्वास नाही हे खरंच आहे, पण तो अडाणीपणातून किंवा राजकारणाच्या कंटाळ्यातून गेलेला नाही, तो या फोनवाल्यांनीच घालवलाय. आणि त्याचं मूळ गणितात कमी आहे, प्रश्नात जास्त आहे. गणित चुकलं तर लोक माफ करतात, उद्या पाऊस म्हणाले आणि ऊन पडलं तरी आपण वेधशाळा बंद करा म्हणत नाही. पण आपल्या तोंडून ठरलेलं उत्तर काढून घ्यायला कोणीतरी बसलंय, हे माणसाला लगेच कळतं, त्याला स्टॅटिस्टिक्सची डिग्री लागत नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांचा किस्सा सांगतो, बेस्टमधून रिटायर झालेत, वेळ भरपूर आणि फोन कधी कट करत नाहीत. त्यांना रेकॉर्डेड कॉल आला. "आपल्या विभागाचे कार्यसम्राट अमुक अमुक साहेब यांनी केलेल्या विकासकामांबद्दल आपण समाधानी असाल तर १ दाबा, अतिशय समाधानी असाल तर २ दाबा, प्रश्न पुन्हा ऐकायचा असेल तर ३ दाबा." काकांना वाटलं नाराजीचं बटण आपल्या ऐकण्यातून सुटलं, म्हणून ते ३ दाबत राहिले. बराच वेळ. शेवटी काकूंनी फोन हातातून काढून घेतला. आता या सर्व्हेत कार्यसम्राटांवर नाराज असलेले लोक किती निघणार? शून्य. आणि उद्या बॅनरवर काय छापणार ते तुम्हीच सांगा.

मला स्वतःला आलेला कॉल जिवंत माणसाचा होता, एक मुलगी बोलत होती, मागे तिच्यासारख्याच पन्नास जणींचा गलका. भागातल्या रस्त्यांबद्दल काय वाटतं असं तिने विचारलं. मी म्हटलं, ताई, कॉंक्रीटचं काम म्हणून रस्ता खोदून ठेवलाय, कित्येक महिने झाले, रिक्षा आत येत नाही, म्हातारी माणसं गाळातून चालतात. तिकडून कीबोर्डची टकटक आली. मी विचारलं, काय लिहिलंत? ती म्हणाली, "सर, 'विकासकामं सुरू आहेत' असं टाकलंय." मी म्हटलं अहो मी तर तक्रार केली, तर अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, तसं ऑप्शन नाहीये स्क्रीनवर." तिचा राग नाही आला, खरंच नाही, तिला दिवसाला अमुक इतके फॉर्म भरून द्यायचे असणार आणि पगार त्यावर असणार. पण कोणासाठी काम करता विचारलं तर एजन्सी, एजन्सीला कोणी सांगितलं तर माहीत नाही, आणि मग लगेच, "सर, घरात किती मतं आहेत? बाकीच्यांचे नंबर मिळतील का?"

हे "घरात किती मतं" आलं ना की मुंबईकर सावध होतो. हा प्रश्न सर्व्हेवाल्याचा नाही, हा बूथवरच्या कार्यकर्त्याचा प्रश्न आहे. मत जाणून घ्यायचं असेल तर तुम्हाला माझं मत पुरे, घरातल्या सगळ्यांचे नंबर कशाला? म्हणजे हे मत मोजत नाहीयेत, यादी बनवतायत. कोण आपला, कोण त्यांचा, कोण कुंपणावर. आणि हा नुसता संशय नाहीये, २०२४ च्या लोकसभेच्या वेळी, २ मे ला, खुद्द निवडणूक आयोगाने सगळ्या पक्षांना लेखी बजावलं होतं की सर्व्हेच्या नावाखाली लोकांची माहिती घेऊन भविष्यातल्या लाभाच्या योजनांसाठी नोंदणी करून घेणं बंद करा, हा लाच देण्यासारखाच प्रकार आहे. आयोगाला पत्र काढावं लागलं म्हणजे प्रकार किती पसरला असेल बघा. मग समोरचा माणूस सर्व्हे म्हटल्यावर फोन ठेवत असेल तर तो शहाणा की वेडा?

त्यात आपल्या फोनवर आधीच ओटीपीवाले, केवायसीवाले, कुरिअरमध्ये ड्रग्ज सापडलेत म्हणून डिजिटल अरेस्ट करणारे भामटे रांगेत उभे आहेत. घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला आपणच शिकवलंय की अनोळखी माणसाला फोनवर काहीही सांगायचं नाही. नाव नाही, वय नाही, पत्ता नाही. आणि सर्व्हेवाले पहिल्या तीन प्रश्नांत हेच विचारतात. नको असलेले फोन बंद करणारं डीएनडी लावलं तर सुटका होईल असं वाटतं, पण त्या यादीत बँका, घरं, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे रकाने आहेत, राजकारणाचा रकानाच नाही. कायदा करणाऱ्यांना स्वतःचेच फोन बंद होतील असा रकाना कशाला सुचेल म्हणा.

आता प्रश्न कसा वळवतात ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाल्यावर पंतप्रधानांच्या ॲपवर दहा प्रश्नांचा सर्व्हे आला होता. त्यातला पहिला प्रश्न साधारण असा, भारतात काळा पैसा आहे असं तुम्हाला वाटतं का? दुसरा, भ्रष्टाचार आणि काळ्या पैशाविरुद्ध लढायला हवं का? आता याला नाही म्हणणारा माणूस शोधून दाखवा. अशी दोन-तीन वेळा मान हलवून झाली की मग नोटबंदीचा प्रश्न. पुढे एका प्रश्नात, नोटबंदीमुळे घरं, उच्च शिक्षण, आरोग्यसेवा सामान्यांच्या आवाक्यात येतील का, याला पर्याय काय तर पूर्ण सहमत, काही प्रमाणात सहमत, सांगता येत नाही. असहमत हा पर्यायच नाही! काकांच्या ३ नंबरच्या बटणाचाच सुशिक्षित भाऊ. दिवसभरात पाच लाख लोकांनी उत्तरं दिली आणि ९० टक्क्यांच्या वर पाठिंबा आहे म्हणून जाहीर झालं. मुळात एखाद्या नेत्याचं ॲप ज्याने डाउनलोड केलंय त्यालाच नेत्याबद्दल विचारायचं, वर नाही म्हणायची सोय ठेवायची नाही, आणि आलेल्या आकड्याला देशाचं मत म्हणायचं.

हे वाचून एका बाजूचे लोक खूश झाले असतील तर थांबा. २०२२ च्या जानेवारीत पंजाबात आम आदमी पक्षाने मुख्यमंत्रीपदाचा चेहरा कोण हे जनतेने ठरवावं म्हणून एक फोन नंबर दिला. २१ लाखांवर प्रतिसाद आले, त्यातले ९३ टक्के भगवंत मान यांच्या बाजूने. मान पुढे खरंच मुख्यमंत्री झाले, लोकप्रिय होते यात वाद नाही. पण पक्षाने दिलेल्या नंबरवर, पक्षाने केलेल्या आवाहनावरून, पक्षाच्याच लोकांनी फोन करायचे, मोजणी पक्षानेच करायची, तर याला फार तर मेळावा म्हणता येईल. फोनवरचा मेळावा. झेंडा कुठलाही असो, पद्धत सगळ्यांची तीच.

आणि असहमतचं बटण दिलं तरी खेळ करता येतोच. कोस्टल रोड घ्या. "कोस्टल रोडमुळे मुंबईचा प्रवास वेगवान झाला असं तुम्हाला वाटतं का?" असं विचारलं तर रस्ता न वापरणारासुद्धा हो म्हणेल, कारण झालाच आहे वेगवान, ज्याच्याकडे गाडी आहे त्याचा. आता असं विचारा, "लोकल आणि बेस्टने जाणाऱ्या लाखो लोकांना ज्याचा उपयोग नाही अशा रस्त्यावर महापालिकेने हजारो कोटी खर्च करायला हवे होते का?" लगेच नाही. माणूस तोच, रस्ता तोच. किंवा प्रश्नाला हात न लावता नुसता क्रम बदला. आधी विचारा बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं त्याबद्दल काय वाटतं, मग खड्डे, मग पाणी कमी दाबाने येतं का, आणि मग हळूच, महापालिकेच्या कारभारावर समाधानी आहात का. रक्त आधीच तापवून ठेवलंय, उत्तर काय येणार. उलट हवं असेल तर आधी बागा, मग मेट्रो, मग समाधानी आहात का.

हे काही नवीन ज्ञान नाही. अमेरिकेत १९४१ सालीच एकाने हे तपासून बघितलं होतं. लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का असं विचारलं तर ६२ टक्के म्हणाले देऊ नये. अशा भाषणांवर बंदी घालावी का असं दुसऱ्या गटाला विचारलं तर फक्त ४६ टक्के म्हणाले घालावी. गोष्ट एकच, पण बंदी म्हटलं की माणूस बिचकतो. सर्व्हेच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे पहिल्या वर्षी शिकवतात, त्यामुळे आमच्याकडून अनवधानाने झालं असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही.

फोनचा स्वतःचा पण घोळ आहेच. मुंबईचा नंबर म्हणजे मुंबईचा मतदार असं समजून चालणारे लोक मुंबईत कधी राहिलेत की नाही शंका येते. एक तर टेलिकॉमच्या हिशोबात मुंबई सर्कलमध्ये नवी मुंबई आणि कल्याणपर्यंतचा भाग येतो, त्यात २०१५ पासून नंबर देशभर कुठेही पोर्ट करता येतो. परळच्या चाळीत असताना घेतलेला नंबर आता बदलापूरला आहे, मतदार यादीतलं नाव अजून परळलाच आहे, आणि मोठ्या भावाचं नाव गावाला रत्नागिरीत. मतदानाला दोघं कुठे जाणार ते त्यांनाच शेवटच्या दिवशी ठरवायचं असतं, एसटीचं रिझर्वेशन मिळालं तर. अशा शहरात कंप्युटरने हजार नंबर फिरवायचे, त्यातले उचलणार किती, उचललेल्यातले बोलणार किती. अमेरिकेत प्यू रिसर्च या मोठ्या संस्थेने स्वतःचाच हिशोब दिलाय, १९९७ मध्ये त्यांच्या फोन सर्व्हेला ३६ टक्के लोक प्रतिसाद द्यायचे, २०१८ मध्ये ६ टक्के. आपल्याकडे किती देतात? कोणी सांगतच नाही. सॅम्पल एवढ्या हजारांचं, असं छाती फुगवून सांगतात, पण तेवढे मिळवायला किती लाख फोन फिरवले ते गुलदस्त्यात. आणि जे शेवटपर्यंत लाइनवर थांबतात ते कोण? एक तर रिकामे, नाहीतर पक्षाचे कट्टर. संध्याकाळी सातला विरार फास्टमध्ये लटकलेला माणूस तुम्हाला नितीधोरणावर मत देणार नाहीये.

सॅम्पल मोठं म्हणजे खरं, हा भ्रम तर १९३६ सालीच फुटला होता. अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकाने टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदणीवरून पत्ते काढून जवळपास एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार म्हणून छापलं. रूझवेल्ट दणक्यात जिंकले. मंदीच्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दारात गाडी त्यालाच विचारलं तर दुसरं काय होणार.

इथे एक सांगायला हवं, कारण लोक सगळ्यांना एकाच मापात टाकतात आणि ते मला बरोबर वाटत नाही. चुकलेला सर्व्हे आणि वळवलेला सर्व्हे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००४ ला इंडिया शायनिंगच्या काळात एनडीए येणार म्हणाले आणि काँग्रेस १४५, भाजप १३८ झालं. २०२४ ला १ जूनच्या संध्याकाळी बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेलं, काहींनी चारशे पार, आणि ४ जूनला आले २९३. मधल्या दोन दिवसांत शेअर बाजार आधी अडीच हजार अंकांनी उडाला आणि निकालाच्या दिवशी चार हजारांच्या वर आपटला, त्यात किती जणांचे पैसे गेले त्याचं दुःख वेगळंच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हरयाणात काँग्रेस येणार म्हणाले, ९० पैकी ४८ घेऊन भाजप आला. म्हणजे चूक एकाच बाजूला होते असंही नाही. आणि काही चुका तर टाळताच येणार नाहीत. मुंबई वायव्यची लोकसभेची जागा आठवा, रवींद्र वायकर ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर ४,५२,५९६, फरक ४८ मतांचा! जगातला कुठला सर्व्हे हे सांगू शकला असता? राज्यात त्या वेळी महाविकास आघाडी आणि महायुतीच्या मतांमधला फरक जेमतेम एका टक्क्याच्या आसपास होता, जागा मात्र ३० आणि १७. मतांवरून जागा काढणं हे आपल्याकडे जवळपास जुगारासारखं आहे. साधं गणित करा, राज्यात तीस हजारांचं सॅम्पल घेतलं तरी विधानसभेच्या २८८ मतदारसंघांत भागून प्रत्येकाच्या वाट्याला शंभर माणसं येतात, आणि शंभर माणसांवर दहा टक्के इकडे तिकडे होणारच. तरी चॅनलवाले एकेका जागेचा निकाल सांगतात.

म्हणून लोकनीती या अभ्यासकांच्या संस्थेसारखे लोक घरी जाऊन, मतदार यादीतून नावं काढून, समोर बसून विचारतात, मत विचारताना खोटी मतपत्रिका देऊन पेटीत टाकायला सांगतात म्हणजे शेजारी उभ्या सासूलाही कळू नये कोणाला दिलं. हे पण चुकतात कधीकधी. पण प्रश्न काय होता ते उघड असतं, त्यामुळे वाद घालता येतो. फोनवाल्या कार्यसम्राट सर्व्हेशी कशावर वाद घालणार, हातात फक्त टक्के.

मग काही जण म्हणतात सगळ्या सर्व्हेंवर सरळ बंदीच घाला. मला नाही पटत. बंदी आपल्यासाठी होईल, पक्षांसाठी नाही. "सर्व्हे निगेटिव्ह आलाय" म्हणून तिकीटं कापणं हे तर आता उघड चालतं, ते अंतर्गत सर्व्हे कोण बंद करणार? सट्टा बाजाराचे भाव कोण बंद करणार? त्यांच्याकडे माहिती राहणार आणि आपण अंधारात. कायद्यात आत्ता जे आहे ते फक्त वेळेबद्दल आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६अ कलमाने मतदान पूर्ण होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायचे नाहीत, दाखवले तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. कधी दाखवायचं ते ठरलं, काय विचारलं ते दाखवा असं मात्र कुठे नाही.

आणि असं मागणं काही जगावेगळं पण नाही. ब्रिटनमध्ये पोलिंग कौन्सिल आहे, तिचे सदस्य असलेल्या कंपन्यांना सर्व्हे जाहीर झाल्यावर प्रश्न शब्दशः आणि आकड्यांची सगळी टेबलं वेबसाइटवर टाकावी लागतात, पैसे कोणी दिले तेही सांगावं लागतं. आपल्याकडेसुद्धा प्रेस कौन्सिलने १९९६ मध्येच म्हणून ठेवलंय की सर्व्हे छापताना कोणी केला, कोणाच्या सांगण्यावरून केला, सॅम्पल केवढं आणि कसं निवडलं, चूक किती असू शकते हे वाचकाला सांगा. सांगतं कोण? खाली बारीक अक्षरात सॅम्पल साइज, बस, तेही टीव्हीवर दोन सेकंदात निघून जातं.

याचं नुकसान फक्त राजकारणात होत असतं तर एकवेळ सोडून दिलं असतं. पण आमच्या सोसायटीच्या गेटवर आता "सर्व्हेवाल्यांना प्रवेश नाही" असा कागद आहे, सेल्समनच्या ओळीच्या खालीच. म्हणजे उद्या डेंग्यूच्या अळ्या बघायला आलेली पालिकेची बाई पण सर्व्हेवाली, लसीकरणाचं विचारायला आलेली आशाताई पण सर्व्हेवाली. जनगणना आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७, त्यासाठी शिक्षक, पालिकेचे कर्मचारी दारोदार फिरणार, घरात किती माणसं, किती खोल्या, शौचालय आहे का, सगळं विचारणार. तिथे उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या आकड्यांवर रेशनपासून मतदारसंघांपर्यंत सगळं ठरतं. तिथेही लोक "घरात किती मतं" ऐकल्यासारखं तोंड करून दार लावून घेणार असतील तर त्याचं बिल या फोनवाल्या एजन्स्यांना आणि त्यांना पैसे देणाऱ्यांना पाठवायला हवं. त्या बिचाऱ्या शिक्षिकेचा काय दोष.

तर मागणी एवढीच आहे. टक्के छापायचे असतील तर त्याच चौकटीत प्रश्न छापा, जसा विचारला तसा, पर्यायांसकट, आधी काय विचारलं त्यासकट. पैसे कोणाचे ते छापा. किती फोन लावले आणि किती जणांनी उत्तर दिलं ते छापा. सुरुवात कायद्याची वाट न बघता पेपरवाले आणि चॅनलवाले उद्यापासून करू शकतात, प्रश्न नाही दिला तर आकडा दाखवणार नाही, संपला विषय. एजन्सीवाले म्हणतील प्रश्नावली आमचं व्यावसायिक गुपित आहे. असू दे ना गुपित. मग आकडा पण गुपितच ठेवा, तो घेऊन स्टुडिओत कशाला येताय.